स्पायडर बॉल पायथन : एक नक्षी, एक जनुक आणि न हिशेबलेली अंडी

1999 साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, केव्हिन मॅकर्ली यांच्या ‘न्यू इंग्लंड रेप्टाइल डिस्ट्रिब्युटर्स’ या पैदास केंद्रात बॉल पायथन या सापाची काही अंडी फुटली. त्यांचा बाप आफ्रिकेतून आणलेला, रानात पकडलेला, चारचौघांपेक्षा निराळ्या नक्षीचा नर होता. बाहेर आलेल्या पिल्लांपैकी काही हुबेहूब बापावर गेली होती. म्हणजे नक्षी आनुवंशिक आहे, आणि ती पुढे न्यायला एका पालकाकडून आलेली जनुकाची एकच प्रत पुरते, हे पहिल्याच पिढीत सिद्ध झालं. या मॉर्फचं नाव पडलं ‘स्पायडर’. पाळीव सापांच्या बाजारात रंग-नक्षीच्या प्रकाराला मॉर्फच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

हा साप पुढे तुफान खपला. त्याची मान डोलते, डोकं उलटं फिरतं, हेही लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं. तरीही वीसेक वर्षं त्यावर वाद चालू राहिला. माझं म्हणणं असं, की वाद लांबला याचं कारण लोकांचा अप्रामाणिकपणा कमी आणि या जनुकाची वारशाची रीत जास्त. ज्या गुणामुळे स्पायडर झटपट पसरला, त्याच गुणामुळे त्याचं खरं रूप झाकून राहिलं.

साधा साप आणि स्पायडर

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान चणीचा अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाची घट्ट गुंडाळी करतो, म्हणून ‘बॉल’. ब्रिटनमध्ये याच सापाला रॉयल पायथन म्हणतात. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून तो वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने निर्यात होत आला आहे. मादी एका खेपेला साधारण सहाच अंडी घालते आणि त्यांना वेटोळं घालून बसते. पैदास करणारे अंडी काढून 31-32 अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवतात, तिथे दोनेक महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. हा सहाचा आकडा ध्यानात ठेवा. पुढचं बरंचसं गणित त्याच्यापाशी अडतं.

रानातल्या सापाचं अंग जवळपास काळं, त्यावर मातकट-पिवळे मोठे पट्टे, आणि त्या पट्ट्यांत एकदोन गडद डाग. स्पायडरमध्ये मातकट रंग अंगभर पसरतो आणि काळा मागे हटून बारीक रेषांपुरता उरतो. कुशी पांढऱ्या, डोक्यावरचा गडद भाग तुटक. काळं रंगद्रव्य बनायचं थांबलेलं नसतं, त्या रेषा चांगल्या ठसठशीत काळ्या असतात. बदललेली असते ती रंगाची जागा.

हा भेद महत्त्वाचा आहे. ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या एका गटाने पाळणाऱ्यांकडून पोस्टाने कात मागवली, तिच्यातून डीएनए काढला आणि 2022 मध्ये तीन मॉर्फची जनुकं प्रसिद्ध केली. अल्बिनोत टीवायआर, लॅव्हेंडर अल्बिनोत ओसीए2 आणि अल्ट्रामेलमध्ये टीवायआरपी1. तिन्ही जनुकं मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, तयार करण्याच्या कामातली. मेलॅनिनच्या कारखान्यातलं एखादं यंत्र बंद पडलं की रंग जातो, बाकी साप बहुतेक ठीक राहतो. स्पायडरमध्ये कारखाना चालू आहे, पण कारखाने उभे राहण्याच्या जागाच बदलल्या आहेत. या जागा भ्रूण अगदी कोवळा असताना ठरतात. तिथे हात घातला की तो रंगापुरता राहील याची खात्री देता येत नाही.

एका पिढीत पैसे

अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून प्रत आली तरच दिसणाऱ्या, गुणाची पैदास कशी चालते ते आधी पाहू. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाचा दाखला जुना आणि चोख आहे. 1953 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एक अल्बिनो कॉर्न स्नेक सापडला. तो बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांकडे आला. साध्या मादीशी जोडी लावल्यावर झालेली सगळी पिल्लं दिसायला साधी. प्रत्येकाकडे अल्बिनो जनुकाची एक प्रत होती, पण ती झाकलेली. अशा पिल्लांना पैदासवाले ‘हेट’ म्हणतात. ती मोठी होईपर्यंत थांबायचं, मग त्यांची आपसात किंवा बापाशी जोडी लावायची, तेव्हा कुठे दुसऱ्या पिढीत अल्बिनो पिल्लं. बेक्टेल यांच्याकडे ती 1961 मध्ये निघाली.

म्हणजे अप्रभावी गुण विकायचा तर दोन प्रती एकत्र आणाव्याच लागतात आणि त्यासाठी नात्यातल्या जोड्या लावाव्या लागतात. त्या जनुकाच्या दोन प्रतींनी काही बिघडत असेल तर ते पहिल्याच विक्रीयोग्य पिल्लात समोर येतं. ही एक प्रकारची आपोआप होणारी तपासणीच.

स्पायडरला या चाळणीतून कधी जावंच लागलं नाही. स्पायडर नर कोणत्याही साध्या मादीवर सोडा, प्रत्येक अंड्याला निम्मी शक्यता. सहाच्या खेपेत एकही स्पायडर न निघण्याची शक्यता 64 मध्ये 1. शिवाय हा नर दुसऱ्या मॉर्फच्या मादीला लावता येतो. पेस्टल हाही एका प्रतीत दिसणारा मॉर्फ. स्पायडर आणि पेस्टलच्या पिल्लांपैकी चौथा हिस्सा दोन्ही जनुकांचा निघतो, तोच पिवळाधमक ‘बंबलबी’. सहा अंड्यांत निदान एक बंबलबी मिळण्याची शक्यता सुमारे 82 टक्के, तेही पहिल्याच पिढीत. याउलट दोन अप्रभावी गुण एकत्र आणायचे तर दोन्ही गुणांच्या हेट जोडीतून सोळात एक, आणि सहाच्या खेपेत तो मिळण्याची शक्यता जेमतेम 32 टक्के. सुरुवातीच्या काळात नव्या मॉर्फचे नर हजारो डॉलरला विकले जात. एका नराने चार माद्या सांभाळल्या की गुंतवणूक वसूल. अशा माणसाने दोन स्पायडर एकमेकांना का लावावेत? लावून फायदा काहीच नव्हता.

मान

स्पायडरचा दोष जवळून पाहिल्याशिवाय त्यावरच्या वादाचा अंदाज येत नाही. सौम्य सापात निवांत असताना काही दिसत नाही. डोकं किंचित थरथरतं, एवढंच. उंदीर समोर आला, साप उत्तेजित झाला, की डोकं डावी-उजवीकडे झुलायला लागतं. तीव्र असेल तर मान मळसूत्रासारखी पिळवटते, हनुवटी वर आणि टाळू खाली होते, आणि सापाला आपण उलटे आहोत हे कळल्याचं चिन्ह दिसत नाही. झेप घेतो ती उंदराच्या बाजूला पडते. पाठीवर उलटा केला तर चांगला साप स्वतःला लगेच सावरतो, हा सावरत नाही किंवा उशिरा सावरतो. पाळणारे याला ‘वॉबल’ म्हणतात. शब्द गोड आहे, प्रकार नाही.

बहुतेक स्पायडर खातात, वाढतात, अंडी घालतात. त्यामुळे ‘त्याला काही त्रास नाही’ असं म्हणायला वाव मिळाला. अजगर कण्हत नाही, लंगडत नाही, तोंड वाकडं करत नाही. खाणं-पिणं चालू म्हणजे बरा, हा निकष गाईम्हशींतही अपुरा पडतो, सापात तर फारच.

तीन स्पष्टीकरणं आणि भावंडांची साक्ष

पहिलं स्पष्टीकरण अंतर्प्रजननाचं होतं. वंश एकाच नरापासून सुरू झाला, जवळच्या नात्यात पैदास झाली, म्हणून दोष शिरला. नवं रक्त आणलं की जाईल. दुसरं, पेटीतलं तापमान चढल्यामुळे भ्रूण बिघडतात. तिसरं जरा अभ्यासू. नक्षीचं जनुक वेगळं, वॉबलचं वेगळं, दोन्ही गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्याने बरोबर जातात. पुरेशा पिढ्या गेल्या की कुठेतरी ताटातूट होईल आणि निर्दोष स्पायडर मिळेल.

पहिल्या दोन्ही स्पष्टीकरणांचा निकाल लावायला प्रयोगशाळा लागत नाही. स्पायडर आणि साधी मादी यांची एक खेप घ्या. आई तीच, बाप तोच, नात्याचं प्रमाण तेच, पेटी तीच, तापमान तेच. निम्मी पिल्लं स्पायडर, निम्मी साधी. वॉबल निघतो तो स्पायडर पिल्लांत, साध्या भावंडांत नाही. दोष अंतर्प्रजननाचा असता तर तो दोन्हींत सारखा वाटला गेला असता, तापमानाचा असता तरीही. इतकी स्वच्छ तुलना प्रत्येक पैदासवाल्याच्या डब्यात दर हंगामात आपोआप तयार होत होती. शिवाय ‘नवं रक्त’ आणायचं तरी किती? स्पायडरइतकं परक्या सापांशी जोडलं गेलेलं मॉर्फ दुसरं क्वचितच असेल.

मग लोकांना हे दिसलं का नाही? दिसलं, पण तीव्रतेने घोळ घातला. एकाच खेपेतल्या दोन स्पायडर पिल्लांत एकाची मान क्वचित हलते आणि दुसरं भक्ष्य पकडताना कोलमडतं. त्यामुळे ‘माझ्या स्पायडरला वॉबल नाही’ असं म्हणणारे निघाले आणि सौम्य नर निवडून दोष घालवू म्हणणारेही. पैदासवाल्यांचाच अनुभव असा, की सौम्य पालकांची पिल्लं तीव्र निघतात आणि तीव्र पालकांची सौम्य. ते निवड करत होते ती दोष किती दिसतो त्यावर. दोष घडवणारी प्रत प्रत्येक स्पायडरमध्ये तीच होती.

तिसऱ्या स्पष्टीकरणाला काळानेच उत्तर दिलं. शेजारची जनुकं असती तर दोन दशकांत, जगभरातल्या इतक्या पिल्लांत, ताटातूट होऊन एखादा तरी निर्दोष वंश उभा राहायला हवा होता. तसा वंश मिळाला असता तर तो सोन्याच्या भावाने विकला गेला असता, लपून राहिला नसता. शिवाय शॅम्पेन, हिडन जीन वोमा अशा, काळा रंग असाच मागे हटवणाऱ्या काही मॉर्फमध्येही डोकं डोलतं. नक्षी आणि तोल यांचा सांधा योगायोगाने जुळलेला नाही.

कानात सापडलेलं उत्तर

2014 मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय निबंधात ही चेताविकृती स्पायडर मॉर्फशी निगडित असल्याचं मांडून प्राणिकल्याणाचा प्रश्न उघडपणे विचारला गेला. तोपर्यंत ‘मेंदूत काहीतरी’ एवढंच बोललं जात होतं. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वॉबल असलेल्या स्पायडर सापांच्या आणि साध्या बॉल पायथनच्या कवट्या मायक्रो-सीटीने तपासून आतल्या कानाच्या त्रिमितीय प्रतिकृती केल्या. सापाला बाहेरचा कान नसतो, पण आंतरकर्ण असतो, आणि तोल सांभाळण्याचं काम आपल्यासारखंच त्याच्याकडे असतं. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं वळणं मोजतात. सॅक्युलस नावाची छोटी पिशवी गुरुत्वाची दिशा ओळखायला मदत करते. स्पायडरमध्ये नलिका बेढब रुंदावलेल्या होत्या आणि सॅक्युलस लहान. वर कोणतं आणि खाली कोणतं हे सांगणारं उपकरणच मुळात वेडंवाकडं घडलेलं.

नक्षीच्या जनुकाचा कानाशी संबंध कसा, याचं उत्तर भ्रूणात आहे. रंगपेशी त्वचेत जन्मत नाहीत. त्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या, भ्रूणाच्या पाठीवरच्या पेशींच्या पट्ट्यातून निघतात आणि शरीरभर प्रवास करून आपापल्या जागी पोचतात. याच पट्ट्यातल्या पेशी कवटीच्या काही भागांच्या, चेतातंतूंच्या आणि आंतरकर्णाच्याही घडणीत भाग घेतात. डालमेशियन कुत्र्यांत आणि निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणा जास्त का आढळतो, याचा धागाही इथेच येऊन मिळतो. स्पायडरची सुरेख बारीक रेघ आणि त्याची पिळवटणारी मान एकाच बदलाची दोन टोकं आहेत असं धरलं, की वरची सगळी निरीक्षणं एका ओळीत बसतात.

हरवलेला चौथा हिस्सा

आता दोन स्पायडर एकमेकांना लावले तर? कागदावर चौथा हिस्सा दोन प्रतींचा, निम्मा हिस्सा एका प्रतीचा आणि चौथा हिस्सा साधा. दोन प्रतींचं पिल्लू जगत असेल आणि स्पायडरसारखंच दिसत असेल तर खेपेत पाऊण हिस्सा स्पायडर दिसायला हवेत. ते भ्रूणातच मरत असेल तर उरलेल्यांत दोन तृतीयांश. जगलेल्या सहा पिल्लांत साडेचार की चार? एका खेपेवरून हे ओळखणं कुणालाही शक्य नाही. 75 आणि 66 टक्क्यांतला फरक खात्रीने पकडायला शंभर-दोनशे पिल्लांची नोंद लागते, म्हणजे किमान वीस-तीस खेपा, आणि त्याही अशा जोड्यांच्या ज्या लावण्यात कुणालाच नफा नव्हता. लवकर मेलेला भ्रूण बाहेरून दिसतो तो पिवळट, चुरगळलेल्या अंड्यासारखा. फलन न झालेल्या अंड्याला पैदासवाले ‘स्लग’ म्हणतात, आणि हे अंडंही त्याच ढिगात जातं. कुणी फोडून पाहत नाही.

दुसरी वाट जास्त पक्की आहे. दोन स्पायडरच्या पोटी झालेला स्पायडर घ्यायचा आणि साध्या माद्यांना लावायचा. त्याच्याकडे दोन प्रती असतील तर सगळीच्या सगळी पिल्लं स्पायडर. सहाच्या दोन खेपांत बारापैकी बारा स्पायडर हे एका प्रतीच्या नराकडून योगायोगाने घडण्याची शक्यता 4096 मध्ये 1. असा निर्विवाद सिद्ध झालेला दोन प्रतींचा स्पायडर पुढे आलेला नाही, म्हणूनच दोन प्रती जीवघेण्या ठरतात असं आता सर्वसाधारणपणे मानलं जातं. हिडन जीन वोमात तर हे डोळ्यांना दिसतं. दोन प्रतींची फिकट पिल्लं, ज्यांना ‘पर्ल’ म्हणतात, अंड्याबाहेर येतात पण जगत नाहीत.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ल्युसियन केनो या फ्रेंच शास्त्रज्ञांना पिवळ्या उंदरांच्या जोड्यांत पिवळ्या आणि इतर पिल्लांचं तीनास एकऐवजी दोनास एक प्रमाण मिळालं ते 1905 मध्ये, मेंडेलचं काम पुन्हा उजेडात आल्यावर पाचच वर्षांनी. ‘लीथल जीन’च्या, म्हणजे जीवघेण्या जनुकाच्या, धड्यात तोच उंदीर आजही असतो. स्पायडरला सरसकट ‘प्रभावी’ म्हणून मोकळं होणं मात्र चूक. एकाच प्रतीत नक्षी दिसते, म्हणून नक्षीपुरतं ते प्रभावी. वॉबलही एका प्रतीत येतो, म्हणून तिथेही प्रभावी, फक्त तीव्रता बेभरवशाची. मरण मात्र दोन प्रतींतच, म्हणून त्या बाबतीत अप्रभावी. प्रभावी-अप्रभावी हे जनुकाचं बिरुद नसतं, ते एकेका गुणाबद्दल बोलायचं असतं. विक्रीच्या यादीत स्पायडरपुढे लिहिलेल्या ‘डॉमिनंट’ या एका शब्दाने हे सगळं झाकलं.

इथे काय

भारतात हा साप परका आहे, पण अनोळखी नाही. डिसेंबर 2023 मध्ये मुंबईत महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक जप्त केले. बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत दडवलेले. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यानंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद आपल्या वन्यजीव कायद्याखाली करावी लागते. नुसत्या ताब्याचीच नाही, पिल्लं झाल्याचीही. आपला भारतीय अजगर घरात पाळणं तर गुन्हाच आहे.

एखाद्या पशुवैद्यासमोर किंवा सर्पमित्रासमोर मान पिळवटणारा बॉल पायथन आला तर अंगावरची नक्षी आधी पाहावी. पण नक्षी स्पायडरची आहे म्हणून तिथेच थांबू नये. अजगरात तशीच लक्षणं विषाणूजन्य इन्क्लुजन बॉडी डिसीजमध्ये दिसतात, अतिउष्णतेने दिसतात, गोचीड-किडे मारायच्या औषधाच्या विषबाधेतही दिसतात. स्पायडरचा वॉबल जन्मापासून असतो. कालपर्यंत धड असलेला साप आज अचानक उलटा होत असेल तर कारण दुसरं शोधायला हवं.

थांबवायचं ठरवलं तर

ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने 2018 पासून आपल्या प्रदर्शनांत स्पायडरच्या विक्रीवर बंदी घातली. ती बंबलबीसारख्या मिश्र मॉर्फनाही लागू व्हायलाच हवी, कारण नाव बदललं तरी आतली प्रत तीच.

अप्रभावी दोष वंशातून काढणं जिकिरीचं असतं. तो हेट पिल्लांत लपून पिढ्यान्पिढ्या फिरतो. साध्या दिसणाऱ्या भावंडांनाही ‘66 टक्के शक्य हेट’ अशी चिठ्ठी लावून विकावं लागतं. स्पायडरमध्ये तो त्रास नाही. ज्याच्या अंगावर नक्षी नाही त्याच्याकडे जनुक नाही. स्पायडरचं साधं दिसणारं भावंड निर्धास्त पैदाशीला वापरता येतं, त्याच्या वंशात हा दोष परत येणार नाही. दिसणाऱ्या सापांची पैदास थांबली की एका पिढीत विषय संपतो.

अपवाद एकच, तोही माणसानेच तयार केलेला. निळ्या डोळ्यांचे पांढरेशुभ्र ल्युसिस्टिक बॉल पायथन वेगळ्या जनुकांच्या दोन प्रतींनी होतात, आणि त्यांच्या पांढऱ्या रंगाखाली स्पायडरची नक्षी पूर्ण झाकली जाते. पालकांपैकी कुणी स्पायडर असेल तर अशा प्रत्येक पांढऱ्या पिल्लाकडे ती प्रत असण्याची शक्यता निम्मी. तिथे कातडीवरून काही सांगता येत नाही. उंदीर दाखवून मान पाहायची, आणि मान स्थिर दिसली तरी साध्या मादीला लावून पिल्लं तपासेपर्यंत तो साप पैदाशीसाठी विकायचा नाही.